कालची आशा, आजची गटप्रवर्तक

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, होते. मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं आणि यंदा त्याच केंद्रात गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, झाले. माझ्याकडे 21 आशा आहेत. सगळ्या ओळखीच्या, काहींच्या तर लेकरांना मी कडेवर खेळवलंय. पण आता त्यांचं वागणं बदललं. मीटिंगला येतात, मागे बसून फोन बघतात. मी काही बोलले की एक म्हणते, "कालपर्यंत आमच्याच सतरंजीवर बसत होतीस." रिपोर्ट वेळेवर येत नाहीत. मग मी ग्रुपवर कुणाचं काय राहिलंय त्याची यादी टाकते, राहिलेल्यांच्या नावापुढे लाल खूण करून. त्यावर कुणी साधं उत्तर देत नाही. डॉक्टरसाहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला म्हणाले, "लसीकरणात तुमचा भाग सगळ्यात खाली आहे."

सगळ्यांना हुरूप यावा म्हणून मी स्वतःच्या पैशाने 'उत्कृष्ट आशा' म्हणून प्रमाणपत्रं आणि पेनस्टँड दिले. त्यातून उलट दोन गट पडले. सगळ्यात जुन्या एक आशाताई आहेत, त्यांचा रिपोर्ट तर कधीच पुरा नसतो, पण गावात त्यांच्या शब्दाशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यांना काय बोलू?

मला चांगली लीडर व्हायचंय. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की टीमला मोटिव्हेट करा. ते कसं करतात? मीटिंगमध्ये कसं बोलावं, ते लिहून द्याल का?

— एक गटप्रवर्तक

उत्तर

ताई, आधी ते पेनस्टँड थांबवा. हेतू चांगला होता आणि पैसेही तुमच्याच खिशातले गेले, हे कळतंय. पण 21 जणींचा भाग एका मापाचा नसतो. एकीचं गाव डांबरी रस्त्याला लागून, घराला घर चिकटलेलं, उपकेंद्र हाकेच्या अंतरावर. दुसरीकडे दोन तांडे आणि शेताशेतातल्या वस्त्या. तिचा एका गृहभेटीत अर्धा दिवस जातो. कागदावर दोघींकडे हजाराच्या आसपास लोकसंख्या. आकडे लावून पहिला नंबर काढला की तांड्यावरच्या बाईला वाटणारच, की ताईला आमची पायपीट दिसत नाही. तिचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

भाषण मी लिहून देणार नाही. रात्री दोन वाजता दार वाजल्यावर उठून, घरातल्यांची बोलणी खाऊन, 108 च्या गाडीत कुणाच्या तरी सुनेचा हात धरून बसणारी बाई आहे ही. हिला प्रेरणा कमी पडते, हे ट्रेनिंगमधल्या कुणाला सुचलं कोण जाणे. ती थकते आणि चिडते ती वेगळ्या कारणांनी. कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याचं बिल अडकतं. केलेलं काम कुणी पाहत नाही. जे तिच्या हातात नाही त्याबद्दल तिलाच बोलणी बसतात. तुम्ही स्वतः आशा होतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी आरोग्य सहाय्यिका होते, म्हणजे पगारी माणूस. पहिल्या तारखेला पगार होतो की नाही ही चिंता मला कधी करावी लागली नाही. तुमचंच घ्या, ना कुणाला पगारवाढ देता येते, ना कुणाला कामावरून काढता येतं. जे हातात आहे ते एवढंच: अडलेलं सोडवणं, सोबत जाणं आणि वरून येणारं बोलणं जसंच्या तसं खाली न ढकलणं. यातलं पैशाचं आधी घेऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त राग साठलेला असतो.

एक वही करा. प्रत्येक आशाला दोन पानं. या महिन्यात कुठल्या कामाचं बिल दिलं, ते कुठवर पोचलं, कुणाच्या सहीसाठी थांबलं, कशासाठी परत आलं, एवढंच लिहायचं. बिलावर सिस्टरची (उपकेंद्रातल्या नर्सबाईंची) सही, तुमची सही, डॉक्टरांची सही, मग ते तालुक्याला, या वाटेवर कुठे काय पडून राहतं ते आशाला घरी बसून कळत नाही. तिला एवढंच दिसतं, की खात्यात पैसे कमी आले. मग तिच्या डोक्यात पहिलं नाव तुमचं येतं. मीटिंगच्या दिवशी आकडे विचारण्याआधी तुम्हीच सांगा, "तुमचं हे बिल तालुक्याला गेलं, तुमच्या त्या बिलात जन्माचं वजन लिहायचं राहिलं होतं म्हणून परत आलंय, आत्ता भरून द्या." बघा, फोन खाली ठेवतात की नाही.

नियम नीट ठाऊक असण्यानेही तिच्या हातात पैसे पडतात. नवजात बाळाच्या गृहभेटींचंच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा 6 भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून 7, आणि त्या पुऱ्या झाल्या की 250 रुपये. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते आणि सव्वा महिन्यानंतर, कधी त्याआधीच, परत येते. काही भेटी तिथल्या आशाने केल्या, काही इथल्या आशाने. दोघींनाही वाटतं, आपलं अर्धवट राहिलं, आता काय मिळणार, म्हणून कुणी बिलच लावत नाही. अशा वेळी दोघींनी केलेल्या भेटींचा मोबदला दोघींना देण्याची तरतूद आहे. सिझेरियन होऊन उशिरा घरी आलेल्या बाईच्या बाबतीत पुढच्या पाच भेटी पुऱ्या झाल्या तरी पूर्ण मोबदला मिळतो. तुमच्या 21 जणींपैकी किती जणींना हे माहीत आहे, ते विचारा. तालुका समूह संघटकांकडून (तालुक्याला आशांचं काम पाहणाऱ्यांकडून) लेखी सूचना मागून घ्या, म्हणजे अकाउंटवाल्यांशी घालायचा वाद तुम्ही घालाल, आशाला घालावा लागणार नाही.

आता लसीकरण. तुमचा भाग 'सगळ्यात खाली' का आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण बीड जिल्हा म्हटल्यावर मी अंदाज बांधू शकते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उसाला जातात त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. ड्यू लिस्टवरची, म्हणजे लस द्यायची असलेली, लेकरं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर, आणि इथे आशाच्या नावापुढे तुमची लाल खूण. ताई, ती खूण बघून तिला काय वाटत असेल? कुलूप लावलेल्या घरासमोर उभं राहून तिने लस द्यायची कुणाला?

टोळ्या निघायच्या आधीच प्रत्येक आशाकडून एक वेगळी यादी करून घ्या. कुठलं कुटुंब, टोळीचा मुकादम कोण, त्याचा फोन नंबर, कुठला कारखाना, सोबत किती वर्षांचं लेकरू, पुढची लस कधी, घरात कुणी गरोदर आहे का. माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत ठेवून न जाता सोबत न्यायला सांगायचं, आणि आशाने त्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद असेल तर तिकडच्या सिस्टरला आधीच्या लसी दिसतात. तिकडच्या गटप्रवर्तकाचा नंबर शोधणं तुमचं काम. एकट्या आशाने परजिल्ह्यात फोन केला तर कुणी उचलेल याची खात्री नाही, तुम्ही केंद्राच्या नावाने केलात तर उचलतील.

ही यादी घेऊन डॉक्टरसाहेबांना मीटिंगच्या आदल्या दिवशी भेटा. मीटिंगमध्ये वाद घालू नका, चारचौघांत कुणीच माघार घेत नाही. आदल्या दिवशी पाच मिनिटं मागा आणि कागद समोर ठेवा: राहिलेल्या लेकरांपैकी इतकी उसाला गेलीत, इतकी कायमची दुसरीकडे राहायला गेलीत, इतक्या घरांत नकार आहे, आणि इतकी खरोखर आमच्याकडून राहिलीत. शेवटचा आकडा लपवू नका. तो प्रामाणिक असला की वरच्या तिन्हींवर विश्वास बसतो. साहेबांनाही तालुक्याच्या व्हीसीवर (ऑनलाइन मीटिंगमध्ये) हेच प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्याकडेही उत्तर नसतं. तुम्ही त्यांना उत्तर आणून देताय. नकारवाली घरं त्यांच्याच पदरात टाका: "सर, या घरांत तुम्ही एकदा आलात तर फरक पडेल." आणि ते खरंच आले, तर ती आशा पुढची कित्येक वर्षं तुमचं नाव काढेल.

सोबत जाण्याबद्दल. गटप्रवर्तकाने महिन्यातले वीसेक दिवस फिरतीवर असावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काय होतं? गावात जायचं, अंगणवाडीत बसायचं, रजिस्टर तपासायचं, सही करायची, चहा घ्यायचा आणि पुढचं गाव. त्यापेक्षा गावं कमी करा पण घरात जा. तिसऱ्या किंवा सातव्या दिवसाच्या भेटीला तिच्याबरोबर जा आणि तिथे गप्प बसा. हे जमायला जरा अवघड आहे, कारण तुमचे हात शिवशिवतील. ती बाळाचा श्वास अर्धा मिनिटच मोजतेय, पूर्ण एक मिनिट मोजत नाही, हे दिसलं तरी सासूबाईंसमोर तोंड उघडायचं नाही. गावात तिची पत आहे म्हणून ते दार उघडलंय. तुम्ही टोकलंत की पुढच्या वेळी सासूबाई म्हणणार, "हिला काय कळतंय, हिच्या मॅडमच हिला बोलत होत्या." अगदीच धोक्याचं दिसलं, श्वास 60 च्या वर वाटला, बाळ गार पडलंय, दूध ओढत नाही, तर "आपण दोघी परत एकदा मोजू या" म्हणा आणि पुढचं पाहा. बाकी सगळं बाहेर आल्यावर, वाटेत, दोघीच असताना. आणि आधी तिने काय बरोबर केलं ते सांगा, पण नेमकं सांगा. "छान काम करता" हे वाक्य तिने हजारदा ऐकलंय. "वजन घेण्याआधी तुम्ही काटा शून्यावर आणलात, हात धुतलेत, आणि सुनेशी सासूसमोर न बोलता आत जाऊन बोललात, ते मी पाहिलं" असं कुणी तिला म्हणालेलं नसतं.

जमलं तर परत निघताना तिच्या घरी पाणी प्यायला थांबा आणि हेच वाक्य तिच्या नवऱ्याच्या कानावर पडेल इतक्या आवाजात बोला. रात्री-अपरात्री बाहेर पडणाऱ्या बाईला घरात काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मीटिंगचं म्हणाल तर तुम्हाला लांब जावं लागत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या पाटोदा-आष्टीला लागून जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, वेगवेगळ्या जातींच्या होत्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराहून तिथली एक साधी पद्धत मोठी वाटते. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या आणि आपापल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगायच्या. कोण आजारी पडलं, काय केलं, काय जमलं नाही. एकीचं ऐकून दुसरी शिकायची. गडचिरोलीतही तेच दिसलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवली, त्याचा अभ्यास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला, आणि तुमच्या आशा आज ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. हे तुमच्या आशांना कुणी सांगितलंय का? बहुतेक नाही. त्यांना 'एचबीएनसी' (नवजात बाळाच्या गृहभेटी) नावाचा एक फॉर्म तेवढा माहीत असतो.

दर आठवड्याला तुम्हाला जमणार नाही, महिन्याच्या मीटिंगमधला पहिला अर्धा तास मात्र तुमच्या हातात आहे. त्यात आकडे नकोत. दोघी-तिघींनी या महिन्यातलं एकेक घर सांगायचं. गोळ्या खायला तयार नसलेली गरोदर बाई कशी तयार झाली, टीबीचा पेशंट तपासणीला कसा आला, किंवा नाहीच आला. वर पंखा फिरत असतो, सगळ्या सकाळी सहापासून उठलेल्या असतात, झोप येणारच. पण दुसऱ्या आशाच्या गावची गोष्ट सुरू झाली की डोळे उघडतात. तुम्ही त्या वेळी खुर्चीवर आणि त्या खाली, असं बसू नका. सगळ्यांना खुर्च्या मिळत नसतील तर तुम्हीही खाली बसा.

ग्रुपवरची लाल यादी आजपासून बंद. ज्या ग्रुपवर सिस्टर, आरोग्यसेवक, कधीकधी डॉक्टरही असतात, तिथे स्वतःचं नाव लाल झालेलं कुणाला सोसत नाही. ज्या चार जणींचं राहिलंय त्यांना वेगवेगळा फोन करा. रात्री नऊनंतर काहीही पाठवू नका, बाळंतपण असेल तर गोष्ट निराळी.

तुमच्या त्या जुन्या आशाताई. माझा तर्क सांगते, तुम्ही खात्री करून घ्या. वाचायचा चष्मा नाही, किंवा आहे तो जुना झालाय. फोनमधलं ॲप उघडायला नातवाला विनवावं लागतं. रजिस्टर वहीत होतं तोवर त्यांचं निभत होतं, आता दर दोन महिन्यांनी नवं काहीतरी येतं आणि "मला जमत नाही" हे 21 जणींसमोर म्हणायची त्यांची तयारी नाही. त्यापेक्षा "वेळ मिळाला नाही" म्हणणं सोपं. घरी जाऊन, एकट्या असताना विचारा. तसंच असेल तर एखादी तरुण, फोनात चटपटीत आशा त्यांच्याबरोबर जोडून द्या. पण त्या पोरीवर फुकटचं ओझं टाकू नका. ती यांच्या नोंदी भरायला मदत करेल, तर नकार देणाऱ्या घरांत या तिच्याबरोबर जातील. तिचं शिक्षण आणि यांचा शब्द, दोन्ही तुमच्याकडे आहेत, फक्त दोन गावांत पडलेत.

एक गोष्ट यातून वेगळी काढते. रिपोर्ट उशिरा देणं आणि खोटा देणं एकच नव्हे. सहाही भेटी एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेल्या, सगळ्या बाळांचं वजन बरोबर 2500 किंवा 3000 ग्रॅम, एकाचंही 2650 नाही, असं दिसलं तर त्यातल्या दोन घरी स्वतः जाऊन या. भेट झालीच नसेल तर त्या आशाशी एकटीशी बोला, स्पष्ट बोला, आणि त्या भेटींच्या बिलावर सही करू नका. तिचं घर कसं चाललंय, हे तुम्हाला माहीत असेल आणि सही न करणं जड जाईल. तरीही नको. पुन्हा तसंच झालं तर डॉक्टरांना लेखी कळवा. बाकीच्या 20 जणी हे सगळं पाहत असतात, आणि ज्या खरोखर तांड्यावर चालत जातात त्यांना तुमची ती न केलेली सही कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त पोचते.

आणि ते सतरंजीवरचं बोलणं. त्यावर हसून वेळ मारून नेऊ नका, रागावूही नका. सरळ म्हणा, "होय, बसत होते. आता तुमच्या बिलावर माझी सही लागते, म्हणून काही बाबतींत मला 'नाही' म्हणावं लागेल. पण तुमचं काय अडतं ते मला कुणी शिकवायची गरज नाही." एवढं एकदा बोललं की पुरे. 2023 च्या शेवटी आणि 2024 च्या सुरुवातीला आशा आणि गटप्रवर्तक एकत्रच संपावर होत्या. पुन्हा मोर्चा निघाला तर कोण गेलं, कोण नाही याची यादी वर देणारी ताई होऊ नका. तशी यादी तोंडी कुणी मागितलीच तर लेखी मागा, बहुतेकदा ती मागणी तिथेच विरते.

हे सगळं एका महिन्यात करायला जाऊ नका. बिलांची वही या आठवड्यात सुरू करा, उसाची यादी टोळ्या हलण्याआधी, आणि जुन्या आशाताईंकडे पुढच्या मीटिंगच्या आधी जाऊन या. फिरतीचं तुमचं स्वतःचं बिल किती महिन्यांचं थकलंय तेही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि तालुक्याला जाल तेव्हा बाकीच्या बिलांबरोबर त्याचीही चौकशी करा.